लिनक्सच्या पोटात विंडोज: एका आरेखन-सॉफ्टवेअरचे स्थलांतर

लिनक्सवर विंडोजचे सॉफ्टवेअर चालवायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो वाईनचा, आणि तो चुकीचाही नाही. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प विंडोजची नक्कल करत नाही. सॉफ्टवेअरने विंडोजकडे केलेल्या मागण्या तो जागच्या जागी लिनक्सला समजतील अशा मागण्यांमध्ये बदलून देतो, त्यामुळे मूळ विंडोजची गरजच उरत नाही. माझ्या गरजेचे सॉफ्टवेअर पत्रा कापण्याच्या यंत्रासाठी आराखडे तयार करणारे, बत्तीस बिटांच्या काळातले, आणि ज्याच्या नव्या आवृत्त्या निघणे कधीच थांबले आहे असे होते. वाईनमध्ये त्याचा इन्स्टॉलर नीट चालला, मेनू उघडले, फॉन्ट थोडे वेडेवाकडे दिसले तरी खिडकी वापरण्याजोगी होती. अडले ते परवान्याच्या डोंगलपाशी. यूएसबी पोर्टमध्ये लावायची ही लहानशी किल्ली ओळखणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, बसतो, आणि वाईनमध्ये तो बसवायला विंडोजचे कर्नलच नसते. तेव्हा तो मार्ग तिथेच संपला.

दुसरा पर्याय ड्युअल बूटचा होता, म्हणजे एकाच संगणकावर दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवून सुरू करताना हवी ती निवडायची. ज्याला आठवड्याचा एक संपूर्ण दिवस विंडोजवर घालवायचा आहे त्याला हे सोयीचे ठरेल. मला मात्र दिवसातून अनेकदा दहा-पंधरा मिनिटांसाठी एखादा जुना आराखडा उघडून त्यात एक भोक सरकवायचे असते आणि लगेच इकडच्या कामाकडे परतायचे असते. त्यासाठी प्रत्येक वेळी संगणक बंद-चालू करणे परवडणारे नव्हते. म्हणून व्हर्च्युअल मशीन करायचे ठरवले: लिनक्स जागच्या जागी चालू राहील आणि त्याच्याच एका खिडकीत संपूर्ण विंडोज, स्वतःच्या कर्नलसह आणि ड्रायव्हरसह, चालेल.

सुरुवात प्रोसेसरच्या तपासणीपासून केली. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणाऱ्या यादीत इंटेलच्या बाबतीत व्हीएमएक्स आणि एएमडीच्या बाबतीत एसव्हीएम ही खूण असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे असे समजावे. माझ्याकडे ती खूण दिसत होती, तरीही केव्हीएमचे, म्हणजे लिनक्सच्या कर्नलला व्हर्च्युअल मशीन चालवू देणाऱ्या भागाचे, मॉड्यूल काही लोड होईना. कर्नलचे संदेश चाळल्यावर त्यात एक ओळ सापडली: केव्हीएम बायोसने (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरने) बंद ठेवले आहे. अनेक संगणक ही सोय बंद ठेवूनच विकले जातात, आणि बायोसच्या मेनूमध्ये तिचे नाव प्रत्येक उत्पादक वेगळे ठेवतो; कुठे ते ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ असते, कुठे ‘एसव्हीएम मोड’, आणि बऱ्याचदा ते जिथे शोधावेसे वाटते तिथे नसून प्रोसेसरच्या प्रगत पर्यायांच्या दोन पायऱ्या आत दडलेले असते. तो पर्याय चालू केला आणि मॉड्यूल मुकाट्याने लोड झाले.

ही एक खूण इतकी महत्त्वाची का, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच आणली होती. पुढे १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी अशा यंत्रासाठी प्रोसेसर कसा असावा लागतो याची अट मांडली: यंत्राच्या मूळ अवस्थेला हात लावणारी किंवा तिच्यावर अवलंबून असणारी प्रत्येक सूचना, अधिकार नसलेल्या प्रोग्रामने दिली तर, प्रोसेसरने ती अडवून आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या वरच्या नियंत्रकाच्या हवाली केली पाहिजे. आपल्या घराघरांत पोहोचलेली एक्स८६ जातीची प्रोसेसरे ही अट पाळत नव्हती. पॉपएफ नावाची सूचना हे त्याचे ठळक उदाहरण: अधिकार नसलेल्या प्रोग्रामने तिच्याद्वारे इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) बंद करू पाहिले तर प्रोसेसर तक्रारही करत नाही आणि कामही करत नाही, नुसता पुढे जातो. आतली ऑपरेटिंग सिस्टीम समजते की इंटरप्ट बंद झाले, आणि नियंत्रकाला तर काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनने अशा सूचना चालवण्याआधीच हुडकून त्या बदलून टाकण्याची युक्ती काढली आणि ती अवघड वाट पार केली. नंतर इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच वेगळी सोय दिली, आणि २००७ च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीपासून केव्हीएम कर्नलचाच भाग झाले. म्हणूनच आज आतल्या विंडोजच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर, जवळजवळ पूर्ण वेगाने चालतात. हे अर्थात दोन्हीकडचा प्रोसेसर एकाच जातीचा असेल तरच. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेतल्या चिपवर एक्स८६ची विंडोज अशी चालवता येत नाही, तिथे विंडोजची एआरएम आवृत्ती घ्यावी लागते आणि जुने सॉफ्टवेअर त्या आवृत्तीच्या अंतर्गत अनुवादावर सोडावे लागते.

व्हर्च्युअलबॉक्स की केव्हीएम, यावर मी फार वेळ घालवला नाही. व्हर्च्युअलबॉक्स नवख्याला सोपे जाते हे खरे, पण त्याचे कर्नल मॉड्यूल बाहेरचे असते आणि कर्नल बदलले की ते पुन्हा बांधावे लागते. केव्हीएम कर्नलसोबतच येते. त्याच्या जोडीला डिस्क, नेटवर्क, पडदा अशा उपकरणांचे सोंग वठवणारे क्यूईएमयू, या साऱ्याची व्यवस्था पाहणारे लिबव्हर्ट, आणि माऊसने काम करता यावे म्हणून व्हर्च्युअल मशीन मॅनेजर, एवढे पॅकेज बसवले की तयारी होते.

विंडोज कोणती घ्यावी हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा होता. विंडोज ७ या सॉफ्टवेअरला सर्वांत मानवली असती, पण तिचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर उपलब्ध आहे याची खात्री करून मी विंडोज ११ निवडली. परवाना वेगळा विकत घ्यावा लागला, कारण संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या संगणकाच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो आणि व्हर्च्युअल मशीन हे विंडोजच्या लेखी वेगळे हार्डवेअर आहे. विंडोज ११ला किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी डिस्क, सिक्युअर बूट जमणारे यूईएफआय (बायोसची जागा घेणारे नवे फर्मवेअर) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये यांतले शेवटचे दोन खरे असण्याची गरज नसते: यूईएफआयची जागा ओव्हीएमएफ नावाचे फर्मवेअर घेते, आणि टीपीएमची जागा एसडब्ल्यूटीपीएम हा लहान प्रोग्राम. टीपीएम हे ‘हार्डवेअर जोडा’ या यादीत एका ओळीचे काम आहे, पण फर्मवेअर मशीन तयार करतानाच निवडावे लागते, नंतर ते बदलणे जिकिरीचे होते.

विंडोजचा इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा आणि कीबोर्ड विचारून झाले, आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह सापडला नाही, असा संदेश खाली. हा पडदा पाहून अनेकजण इथेच माघार घेतात किंवा डिस्कचा प्रकार साटा हा सर्वांना ओळखीचा करून मोकळे होतात, म्हणून त्याचे कारण सांगतो. क्यूईएमयू जुन्या, सर्वांना ओळखीच्या डिस्क कंट्रोलरचे हुबेहूब सोंग घेऊ शकते, पण त्या सोंगात प्रत्येक वाचन-लेखनामागे बरीच निरर्थक धावपळ होते. त्याऐवजी व्हर्टआयओ या पद्धतीत आतल्या सिस्टीमला स्पष्ट सांगितले जाते की तू खऱ्या यंत्रावर नाहीस, तेव्हा खऱ्या कंट्रोलरचे रीतिरिवाज पाळण्याऐवजी दोघांच्या सामायिक मेमरीतल्या रांगेत थेट मागण्या ठेव. वेगात पडणारा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. लिनक्समध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधीच असतात, विंडोजमध्ये नसतात. त्यामुळे ते ड्रायव्हर असलेली आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपातली प्रत) दुसरी सीडी म्हणून आधीच जोडून ठेवायची, ‘ड्रायव्हर लोड करा’ हा पर्याय दाबायचा, त्या सीडीवरच्या व्हीआयओस्टॉर फोल्डरमधून डब्ल्यू११ आणि त्यातून एएमडी६४ हे उपफोल्डर निवडायचे. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच. एएमडी६४ हे इथे केवळ चौसष्ट बिटांच्या एक्स८६ रचनेचे नाव आहे. ‘रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलर’ ही ओळ दिसली, ती निवडली, आणि रिकाम्या यादीत डिस्क अवतरली. नेटवर्कचा ड्रायव्हर नेटकेव्हीएम या फोल्डरमधून त्याच बैठकीत घालून टाकावा, कारण पुढे विंडोज ११चा इन्स्टॉलर इंटरनेट मागतो आणि नेटवर्क कार्ड न ओळखता तिथेच अडून बसतो.

विंडोज उभी राहिल्यावर ती चालत होती, पण अंग जड झाल्यासारखी. मी चार प्रोसेसर दिले होते आणि टास्क मॅनेजरमध्ये दोनच दिसत होते. कारण गमतीचे आहे: लिबव्हर्टने ते चार प्रोसेसर, चार वेगवेगळ्या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खोबणींमध्ये, बसवलेल्या एकेका कोअरच्या चिपा म्हणून मांडले होते, आणि विंडोजची प्रो आवृत्ती दोनपेक्षा जास्त सॉकेट वापरत नाही; होम आवृत्ती तर एकच वापरते. सीपीयूच्या पानावर रचना हाताने भरली, एक सॉकेट आणि त्यात चार कोअर, आणि प्रोसेसरचा प्रकार होस्टसारखाच, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकासारखाच, ठेवला. तेवढ्याने ती जडता गेली.

घड्याळाचेही असेच. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरून चालते, त्यामुळे व्हर्च्युअल मशीन ‘सर्वसाधारण’ प्रकारची म्हणून तयार केली तर आतले घड्याळ काही तास चुकीचे दिसते. घड्याळाची नोंद स्थानिक वेळेवर ठेवली की प्रश्न मिटतो. मशीन तयार करताना ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव विंडोज ११ असे निवडले, तर ही नोंद आपोआपच तशी होते.

आता डोंगल. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचेच वागणे सर्वांत लहरी निघाले. यूएसबी उपकरण आतल्या विंडोजला देण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही वरवर सारखे दिसतात. पहिला मार्ग व्हर्च्युअल मशीनची खिडकी उघडी असताना तिच्या मेनूतून ‘यूएसबी उपकरण पाठवा’ असे सांगण्याचा. हे चटकन होते आणि पेनड्राइव्हसाठी छान आहे, पण यात उपकरणाची वाहतूक त्या खिडकीच्या जोडणीतून होते. खिडकी बंद केली, की आत विंडोज चालू असली तरी उपकरण ओढून काढल्यासारखे नाहीसे होते. आराखडा जतन व्हायच्या आत मी खिडकी मिटली आणि पुन्हा उघडल्यावर सॉफ्टवेअरने परवाना सापडत नसल्याचे सांगून स्वतःला बंद करून घेतलेले आढळले, तेव्हा या दोन मार्गांतला फरक ठळकपणे लक्षात आला. दुसरा मार्ग म्हणजे डोंगल त्या मशीनच्या हार्डवेअरमध्ये कायमचे होस्ट यूएसबी उपकरण म्हणून नोंदवणे. खिडकी असो वा नसो, ते आत राहते.

त्यातही एक मेख आहे. उपकरण दोन प्रकारे नोंदवता येते: ते कुठल्या बसवर कितव्या क्रमांकाला आहे यावरून, किंवा त्याच्या उत्पादक-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक या जोडीवरून. एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की प्रत्येक उपकरणासमोर या दोन्ही माहित्या दिसतात. बसवरचा क्रमांक डोंगल काढून पुन्हा लावला की बदलतो, म्हणजे ती नोंद पुढच्याच वेळी खोटी ठरते. क्रमांकांची जोडी मात्र त्या जातीच्या डोंगलसाठी कायम असते. नोंद जोडीवरूनच असावी. एवढे करूनही, डोंगल लावायचे राहून गेले असेल तर लिबव्हर्ट मशीन सुरूच करू देत नाही, कारण नोंदवलेले हार्डवेअर हजर नाही असा त्याचा सरळ हिशेब. त्यावर इलाज म्हणून त्या नोंदीच्या एक्सएमएलमध्ये (मशीनचे वर्णन असलेल्या मजकुरात) सुरुवातीचे धोरण ऐच्छिक असे लिहिता येते. हा बदल माऊसने होत नाही, मजकूर उघडून हाताने करावा लागतो, पण एकदाच. काही सॉफ्टवेअर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून चालायलाच नकार देतात, आणि काहींच्या परवान्याच्या करारातच तशी मनाई असते. माझ्या सॉफ्टवेअरच्या करारात तशी अट नव्हती, हे मी परवाना विकत घेण्याआधीच वाचून ठेवले होते.

फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी लिनक्सवरचे एक फोल्डर व्हर्टआयओएफएसने विंडोजला दिले. त्यासाठी मशीनच्या मेमरीच्या पानावर सामायिक मेमरी चालू करावी लागते, आणि विंडोजमध्ये विनएफएसपी हे जोड-सॉफ्टवेअर बसवून संबंधित सेवा सुरू करावी लागते. मग ते फोल्डर एका ड्राइव्हच्या अक्षराने दिसू लागते. पूर्ण झालेला आराखडा बाहेर पाठवायला ते उत्तम आहे. पण हे जुने सॉफ्टवेअर काम चालू असताना शेजारी तात्पुरत्या फाइली सतत लिहीत-पुसत असते, आणि ती वर्दळ सामायिक फोल्डरवर होऊ देणे मला रुचले नाही. काम आतल्या डिस्कवर आणि पक्की प्रत सामायिक फोल्डरमध्ये, अशी विभागणी ठेवली. व्हर्च्युअल मशीनचा पडदा बाहेर दाखवणाऱ्या स्पाइसची गेस्ट टूल्स विंडोजमध्ये बसवल्यावर कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चालू लागले आणि खिडकी लहान-मोठी केली की विंडोजचा पडदाही तसा बदलू लागला. छपाईच्या वाटेला गेलोच नाही. आतून पीडीएफ काढतो आणि लिनक्सवरून छापतो.

या साऱ्याची प्रत जपण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे गैरसमज पुष्कळ आहेत. विंडोजची संपूर्ण डिस्क लिनक्सच्या दृष्टीने एक क्यूकाऊ२ प्रकारची फाइल असते, त्यामुळे ती एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की मशीन हलले असे वाटते. तसे नसते. यूईएफआयच्या नोंदी वेगळ्या फाइलीत असतात, टीपीएमची साठवलेली अवस्था तिसऱ्याच जागी असते, आणि मशीनचे वर्णन, म्हणजे कोणते हार्डवेअर, कोणता नेटवर्क क्रमांक, कोणता यूयूआयडी (मशीनचा ओळख-क्रमांक), हे लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये असते. फक्त डिस्क नेली तर विंडोज उघडताना नेहमीचा पिन चालत नाही, कारण तो टीपीएमशी बांधलेला असतो. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे कूटबद्धीकरण, चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाते. आणि हार्डवेअर बदललेले दिसल्याने परवान्याचे सक्रियीकरणही धोक्यात येते. म्हणून मी विंडोज पूर्ण बंद करून या चारही गोष्टींची एकत्र प्रत काढतो. स्नॅपशॉटला, म्हणजे मशीनच्या एका क्षणाच्या टिपून ठेवलेल्या अवस्थेला, मी बॅकअप समजत नाही. अंतर्गत स्नॅपशॉट त्याच क्यूकाऊ२ फाइलीच्या आत राहतो, आणि फाइल बिघडली तर दोन्ही बरोबरच जातात. एखादे अपडेट घालण्यापूर्वी मागे येण्याची वाट ठेवायला तो चांगला, एवढेच.

याच फाइलीची आणखी एक खोड म्हणजे ती वाढते पण आपणहून आकसत नाही. विंडोजमध्ये मोठ्या फाइली पुसल्या तरी बाहेर तिचा आकार तेवढाच राहतो, कारण आत मोकळी झालेली जागा बाहेरच्या सिस्टीमला कळवली जात नाही. डिस्कच्या पर्यायांमध्ये डिस्कार्डची नोंद अनमॅप अशी केली, आणि विंडोजचे ‘ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करा’ हे साधन चालवले, की ती जागा लिनक्सला परत मिळते.

नेटवर्कसाठी लिबव्हर्टचे मूळचे नॅट जाळे पुरले. विंडोजला बाहेर जाता येते, बाहेरच्याला थेट आत येता येत नाही. अपडेटचा वेळ सोडला तर मी आभासी नेटवर्क कार्डाची तार काढलेलीच ठेवतो. आराखडे काढायला इंटरनेट लागत नाही, आणि कामाच्या मध्येच विंडोजला काही नवे सुचत नाही.

एक उणीव राहिली ती त्रिमित दृश्याची. पत्रा दुमडल्यावर कसा दिसेल हे फिरवून दाखवणारी एक खिडकी या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि केव्हीएममधल्या विंडोजला ग्राफिक कार्डाची ताकद मिळत नसल्याने ती अडखळत फिरते. एक संपूर्ण ग्राफिक कार्ड आतल्या विंडोजच्या स्वाधीन करता येते, पण त्यासाठी आयओएमएमयू (उपकरणांचा मेमरीतला वावर मर्यादित ठेवणारी सोय), दुसरे कार्ड आणि मदरबोर्डवर त्या कार्डाचा स्वतंत्र गट पडणे, हे सारे जुळून यावे लागते. दिवसातून एखाद्या वेळेला लागणाऱ्या दृश्यासाठी तेवढा व्याप मला करावासा वाटला नाही. आकृती स्टेप या त्रिमित आकृत्यांच्या फाइल-प्रकारात बाहेर काढून मी ती लिनक्सवरच्या फ्रीकॅड या आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये फिरवून पाहतो.